उजव्या हातातली थापी

डावऱ्या मिस्त्रीला खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. बायको 'अहो'वर भागवते, मुलगी 'बाबा' म्हणते आणि फरशीच्या धंद्यातली झाडून सगळी माणसं त्याला वर्षानुवर्षं डावऱ्याच म्हणत आली. त्याला ते चालायचं. चालायचं कसलं, आवडायचं. ज्या हातापायी लहानपणी मार खाल्ला त्याच हाताने मोठेपणी नाव मिळवून दिलं, ही गोष्ट तो कुठल्याही नव्या गिऱ्हाइकाला चहा यायच्या आत ऐकवायचा.

मार मात्र खरोखरच खाल्ला होता. शाळेत मास्तर त्याच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात कोंबायचे, आणि पेन्सिल परत डावीकडे गेली की पट्टी बसायची. घरी जेवताना आई चमच्याचं तेच करायची, फक्त पट्टीऐवजी डोळे वटारून. वडील स्वतः फरशीचे कारागीर होते. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला त्यांनी हाताखाली घेतलं तेव्हा या थोरल्याला बजावलं, "थापी उजव्या हातात धरायची. डाव्या हाताने फरशी बसवणारा मिस्त्री मी बघितला नाही आणि मला बघायचाही नाही." वडील असेपर्यंत थोरल्याने उजव्या हाताने काम केलं, आणि ते बेताचंच झालं. वडील गेले. त्यानंतर कामावर परतला त्या सकाळी त्याने थापी डाव्या हातात घेतली. धाकटा भाऊ शेजारीच सिमेंट कालवत होता. त्याने एकदा बघितलं, दादाच्या उजव्या बाजूचं घमेलं उचललं आणि डाव्या बाजूला नेऊन ठेवलं.

असा हा धाकटा. थोरला बोलका, तापट, स्वतःवर खूश; धाकटा मुखदुर्बळ, पण दुसऱ्याच्या मनातलं आधी ओळखणारा. चेहरे मात्र इतके सारखे, की लांबून बघणारा हमखास फसायचा. तेच रुंद कपाळ, तेच बसकं नाक. दोघांमधला कोण कोणता हे हमखास ओळखायचं तर हाताकडे बघायचं. थापी डाव्या हातात असली तर थोरला, उजव्या हातात असली तर धाकटा. कामात हा फरक सोयीचा होता. उजव्या हाताच्या मिस्त्रीचं कोपर ज्या कोपऱ्यात भिंतीला आपटतं, तिथे थोरला आरामात बसायचा. आणि थोरल्याची जिथे अडचण व्हायची तिथे धाकटा. दोघे खोलीच्या दोन बाजूंनी सुरुवात करायचे आणि मधल्या फरशीपाशी भेटायचे. ती शेवटची फरशी कोणी बसवायची यावरून रोज थट्टामस्करी चालायची. मधल्या सांध्यात कधी सूतभरही फरक पडला नाही.

त्या सुमाराला भर बाजारपेठेतून खांबांवरची रेल्वे न्यायचं काम चाललं होतं. आमचं ऊन गेलं म्हणून खालचे दुकानदार दिवसभर कुरकुरायचे आणि दुपार झाली की त्याच खांबांच्या सावलीत खुर्च्या टाकून बसायचे. रस्ता खाली, फलाट वर, आणि मध्ये तिकिटांचं प्रशस्त दालन, असं ते स्टेशन होतं. दालनाच्या फरशीचं काम भावांना मिळालं. तिथली एक लांबच लांब भिंत मात्र ठेकेदाराने कोरी ठेवायला सांगितली होती. तिथे चित्र व्हायचं होतं, आणि तेही रंगाचं नव्हे, फरशीच्या बारीक तुकड्यांचं.

चित्र काढणारी बाई उंच होती, कायम घाईत असायची आणि तिच्या खिशात सुपाऱ्या ठेवाव्यात तसे खडूचे तुकडे असायचे. मोठ्या लोकांचे पुतळे खाली चौकाचौकात आहेतच, असं तिचं म्हणणं. तिला भिंतीवर हे स्टेशन बांधणारी माणसं हवी होती. वेल्डर, क्रेनवाला, पाइप खांद्यावर घेतलेले दोघे, धूळ झाडणारी बाई. कागद मांडीवर घेऊन ती कुठेही बसकण मारायची. एक दिवस थोरल्याच्या समोर बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मिस्त्री, तुम्ही डाव्या हाताने काम करता?"

थोरल्याचे कान गरम झाले. मोठा झाला, मिस्त्री झाला, तरी या प्रश्नाला कान आधी गरम व्हायचे आणि मग तोंड उघडायचं. "हो. का?"

"का म्हणजे? छान दिसतंय. तो हात तसाच ठेवा. चित्रात मला असाच पाहिजे."

त्या दिवशी थोरला घरी आला तो जमिनीवर पाय न ठेवताच. ज्या हातावर मास्तरांनी पट्ट्या मारल्या तो हात आता भिंतीवर जाणार, आणि हजारो माणसं येता-जाता बघणार! त्याने बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला दाढी करता करता सांगितलं. बायको म्हणाली, "चढा खुशाल भिंतीवर. खाली उतराल तेव्हा भाजी तेवढी आणा." धाकटा मात्र मनापासून हरखला. "दादा, आई असायला हवी होती," एवढंच तो म्हणाला, आणि थोरल्याला ते इतकं पटलं की तो कधी नव्हे तो गप्प झाला.

चित्र तुकड्यांनी भरायचं कामही बाईंनी दोघा भावांनाच दिलं. पण पद्धत नवीन होती. भिंतीवर एकेक तुकडा बसवत गेलं तर जन्म गेला असता, म्हणून आधी खाकी कागदावर चित्राचा एकेक भाग घ्यायचा, त्यावर खळ लावून तुकडे पालथे चिकटवायचे, रंगाची बाजू खाली, कागदाकडे. असा तक्ता तयार झाला की उचलून भिंतीवरच्या ओल्या सिमेंटमध्ये दाबायचा. सिमेंट सुकलं की कागद भिजवून सोलून काढायचा आणि मग चित्र दिसायचं. तुकडे पालथे असल्यामुळे कागदावर जे डावं ते भिंतीवर उजवं होतं. म्हणून बाई सगळी चित्रं आधीच उलटी काढून देत. त्यांनी हे समजावून सांगितलं तेव्हा थोरल्याने सगळ्यांच्या आधी मान डोलावली.

खरं सांगायचं तर त्याला ते तेव्हा समजलं नव्हतं. समजायची गरजही नव्हती. समोर ठेवलेलं चित्र बघायचं आणि तसे तुकडे लावायचे, हे डोकं बाजूला ठेवूनही होत होतं, आणि त्याची नजर आणि पक्कड दोन्ही तयारीची होती. म्हणून कामाची वाटणीही तशीच झाली. थोरल्याने खाली शेडमध्ये बसून तक्ते करायचे, धाकट्याने वर दालनात ते भिंतीवर चढवायचे. वेल्डर बरोबर आला, क्रेनवाला बरोबर आला, झाडणाऱ्या बाईचा पदर नको तितका सुंदर आला. जिथे जिथे थोरल्याने डोकं चालवलं नाही तिथे तिथे काम बिनचूक झालं.

शेवटी त्याच्या स्वतःच्या चित्राची पाळी आली. बाईंनी पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर ते काढून दिलं होतं. थोरल्याने कागद उलगडला. उकिडवा बसलेला मिस्त्री, कपाळ रुंद, नाक बसकं. आणि थापी उजव्या हातात.

 बाईसुद्धा तशीच निघाली, असं त्याला वाटलं. तोंडावर गोड बोलली, 'असाच पाहिजे' म्हणाली, आणि कागदावर उतरवताना मास्तरांनी पेन्सिल हलवली तशी थापी उजव्या हातात सरकवून मोकळी झाली. वर जाऊन विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण विचारायला लाज वाटली. स्वतःच्या चित्राबद्दल तक्रार करायची म्हणजे हौशी माणूस म्हणून हसतील. मग त्याने साधा उपाय केला. कागद आरपार दिसत होता. तो त्याने उलटा केला. थापी डाव्या हातात आली. तेच चित्र खाकी कागदावर छापून घेऊन तो तुकडे लावायला बसला. त्या हाताला त्याने जितका जीव लावला तितका कशालाच लावला नसेल. बोटांच्या पेरांसाठी त्याने चकाकणारे तांबूस तुकडे निवडले, नखांसाठी फिकट, आणि अंगठ्यावरच्या जुन्या जखमेच्या वणासाठी एक पांढरा तुकडा कानशीने घासून घासून बसवला. तक्ता पूर्ण झाला तेव्हा दोन दिवसांवर उद्घाटन आलं होतं. त्याने तो वर पाठवला आणि मनातल्या मनात म्हणाला, आता बघू कोण बदलतो.

उद्घाटनाला दालन गच्च भरलं होतं. भाषणं झाली, फीत कापली गेली, भिंतीवरचा पडदा खाली आला. थोरला गर्दीत मागे उभा होता, बायकोला टाचा वर करून बघायला लावत होता. तिनेच आधी बघितलं आणि टाचा खाली टेकवल्या.

भिंतीवरच्या मिस्त्रीची थापी उजव्या हातात होती.

पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तर धाकटा!" आणि मग सगळेच धाकट्याकडे बघायला लागले. हुबेहूब तोच की! कपाळ तेच, नाक तेच, हातही तोच. कोणीतरी त्याला पुढे ढकललं, फोटोवाल्याने चित्राशेजारी उभं केलं, आणि धाकटा कसंनुसं हसत उभा राहिला. थोरल्याला ते हसणं कसंनुसं दिसलं नाही. त्याला फक्त हसणं दिसलं.

त्याने बाईंना गाठलं. "बाई, तो हात..."

"हो ना," बाई घाईत म्हणाल्या. "तुमचा भाऊ म्हणाला, तक्ता वर आणताना फुटला, त्याने रातोरात दुसरा केला आणि त्यात उलटा झाला. वाईट वाटत होतं बिचाऱ्याला. जाऊ द्या मिस्त्री, छान दिसतंय. कोणाच्या लक्षात येणार आहे?"

कोणाच्या लक्षात येणार! ज्याच्या लक्षात यायचं त्याच्या आलंच होतं. घरी पोहोचेपर्यंत थोरल्याने सगळा हिशेब मनात मांडून टाकला. फुटला म्हणे! माझ्या हातचा तक्ता फुटतो कसा? आणि फुटला तर मला सांगायला काय झालं होतं? मी खाली शेडमध्येच होतो. नवा करायचा तर माझ्याकडून करून घ्यायचा. पण नाही. याला स्वतःलाच भिंतीवर बसायचं होतं.

धाकटा घरी आला तेव्हा थोरला दारातच उभा होता.

"हौस होती तर सांगायचं होतंस. बाईंना म्हटलं असतं, याला माझ्या शेजारी बसवा."

"दादा, चुकून झालं रे."

"चुकून? डावा हात मी स्वतः काढला होता. या हाताने. मग तो उजवा झाला कसा?"

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं. तो काहीतरी सांगणार होता, हे थोरल्याच्या बायकोने आतून बघितलं आणि ती आयुष्यभर तेच सांगत राहिली, की भाऊजी त्या वेळी काहीतरी सांगणार होते. पण थोरला थांबला नाही. "लहानपणापासून माझं जुनं वापरत आलास," तो म्हणाला, "आता माझं तोंडही चोरलंस. चोर आहेस तू."

धाकट्याने तोंड मिटलं. मग म्हणाला, "बरं." एवढंच. आपली थापी, पक्कड, लेव्हल पिशवीत भरली आणि गेला. त्यानंतर दोघांनी एकत्र काम केलं नाही. धाकट्याने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्याच रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाजवळ घर केलं. लग्नाकार्यात दोघे समोरासमोर आले तर एक या दाराने आणि दुसरा त्या दाराने बाहेर पडे. थोरल्याची मुलगी काकाकडे जात-येत राहिली, पण तिकडच्या गोष्टी घरात काढायच्या नाहीत, हे तिला न सांगता कळलं होतं. बायको अधूनमधून म्हणायची, "भाऊजींना एकदा नीट विचारून तरी बघा." त्यावर मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि तो दिवस सगळ्यांचा खराब जायचा.

त्या दालनात तो पुन्हा गेला नाही. रेल्वेने जायचंच झालं तर मागच्या जिन्याने थेट फलाटावर चढायचा. तिकडून गुडघे दुखायचे, पण भिंत लागायची नाही. बाजारातली माणसं आपली म्हणायची, "मिस्त्री, तुमचा भाऊ काय झकास बसलाय हो भिंतीवर!" तो हसून सोडून द्यायचा. मधे खूप वर्षं गेली. दोघांचे केस पांढरे झाले, आणि पांढरे होताना दोघांनी एकमेकांना बघितलं नाही. उकिडवं बसणं थोरल्याला जमेनासं झालं तेव्हा मुलीने फरशीचं दुकान काढलं, आणि तो गल्ल्याशेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मिस्त्र्यांना नको तेवढे सल्ले द्यायला लागला.

एका दुपारी मुलीने त्याला दुकानाचा शिक्का आणायला पाठवलं. शिक्केवाल्याचा गाळा स्टेशनच्या खालीच, जिन्याला लागून. शिक्केवाल्याने नवा कोरा शिक्का त्याच्या हातात दिला. मिस्त्रीने चष्मा वर केला, रबराकडे बघितलं आणि तापला.

"हे काय केलंय? सगळी अक्षरं उलटी! पहिलाच 'क' पाठमोरा बसलाय. डोळे मिटून काम करता का?"

शिक्केवाला वैतागला नाही. असली गिऱ्हाइकं त्याला रोजची होती. "काका, शिक्का रबरावर वाचायचा नसतो," असं म्हणत त्याने तो शाईत दाबला आणि कागदावर उठवला. दुकानाचं नाव सरळ, सुवाच्य. "रबरावर सरळ केला असता तर कागदावर उलटा आला असता. घरी नेऊन कोणी तो 'दुरुस्त' करू नका म्हणजे झालं."

मिस्त्री त्या कागदाकडे बघत राहिला. शिक्केवाल्याने पैसे मागितले ते त्याला ऐकूच गेलं नाही. रबर, कागद, रबर, कागद, असे त्याचे डोळे फिरत होते. कागदावर जे डावं ते भिंतीवर उजवं, बाई खडू नाचवत सांगत होत्या आणि तो सगळ्यांच्या आधी मान डोलावत होता. बाईंनी दिलेल्या चित्रात थापी उजव्या हातात होती. म्हणजे बाईंनी बरोबर दिलं होतं. म्हणजे...

"काका, बरं वाटत नाही का? बसता का जरा?"

"नाही," तो म्हणाला. "वर जाऊन येतो."

इतक्या वर्षांनी तो पुढच्या जिन्याने चढला. दालन माणसांनी भरलेलं होतं. चित्राच्या खाली बाकडी टाकली होती आणि भिंतीवरच्या मिस्त्रीच्या गुडघ्याला टेकून एक बाई फोनवर बोलत होती. "जरा सरकता का?" तो म्हणाला. ती सरकली. त्याने चष्मा पुसला आणि भिंतीला नाक लावून बघितलं.

तक्ता त्याचाच होता. यात शंकेला जागाच नव्हती. पेरांवरचे तांबूस तुकडे, फिकट नखं, आणि अंगठ्यावरचा तो घासलेला पांढरा तुकडा. हे दुसऱ्या कोणी करणं शक्य नव्हतं. काही फुटलं नव्हतं आणि रातोरात नवीन काही झालं नव्हतं. मग त्याने आकृतीच्या कडेने बोट फिरवलं. सगळीकडे मागचं आभाळ मोठ्या निळ्या तुकड्यांचं होतं. या मिस्त्रीभोवती मात्र बोटभर रुंदीची एक पट्टी अगदी बारीक, तिरक्या कापलेल्या तुकड्यांची होती. तोही हात त्याच्या ओळखीचा होता. धाकटा तुकडा कापताना पक्कड जराशी कलती धरायचा, त्यावरून वडिलांची बोलणीही खायचा. उलटा तक्ता जागेत बसेना म्हणून धाकट्याने कडेचं आभाळ उकरलं होतं आणि पुढून-मागून सगळीकडून ते पुन्हा भरून काढलं होतं, इतक्या नेटकेपणाने की कोणाला पत्ताही लागू नये. आणि बाईंना सांगताना सगळा दोष आपल्या अंगावर घेतला होता.

मिस्त्रीला तिथल्या तिथे रडू आलं. फोनवाल्या बाईने त्याच्याकडे बघितलं आणि आणखी थोडी सरकली. ज्याने आपल्याला वाचवलं त्याला आपण चोर म्हणालो, आणि एकदा नव्हे, मनात रोज म्हणत राहिलो, याची त्याला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. घरी जाऊन बायकोला सांगावं, कपडे बदलून निघावं, असं काही त्याला सुचलं नाही. त्याने तिकीट काढलं आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत उभ्याने गेला. बसायला जागा होती तरी उभ्याने.

पत्ता मुलीच्या बोलण्यातून कधीतरी कानावर पडलेला होता आणि तो त्याने डोक्यातून जाऊ दिला नव्हता. दार भावजयीने उघडलं. "अगंबाई, दादा? या ना, आत या." ती बाजूला झाली. खिडकीपाशी धाकटा बसला होता, पेपर हातात धरून. तोच चेहरा. थोरल्याला आरशात रोज दिसायचा तोच, फक्त जास्त थकलेला. धाकटा उठून उभा राहिला.

"बसा," तो म्हणाला.

थोरला बसला. भावजयीने पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली.

"स्टेशनवर गेलो होतो आज. चित्र बघितलं. जवळून."

"बरं."

"तक्ता फुटला नव्हता."

"नव्हता."

"मीच उलटा केला होता."

धाकट्याने पेपरची घडी घातली. "हो."

"तुला कधी कळलं?"

"भिंतीवर लावायला घेतला तेव्हाच. जागेत बसेना."

"मग मला सांगायचं नाही का? मी खालीच तर होतो!"

"काय सांगणार होतो? महिनाभर तुम्ही त्या हाताखेरीज दुसरं काही बोलत नव्हता. तो हात तुमच्याच हातून गेला, हे मी येऊन तुम्हाला सांगायचं? पुन्हा करायला वेळही नव्हता. म्हटलं, माझ्यावर घेतो. तुम्ही चार दिवस ओरडाल आणि विसराल."

"आणि मी तसं बोललो, तेव्हा? तेव्हा तरी..."

"तेव्हा सांगणारच होतो." धाकटा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तुम्ही चोर म्हणालात आणि सांगावंसं वाटेना. आधी तुमच्यासाठी गप्प होतो, मग रागाने गप्प होतो. नंतर रागही गेला. पुढे कशासाठी गप्प होतो ते मलाच आठवेना."

थोरल्याने आयुष्यात कोणापुढे चूक कबूल केली नव्हती. ती कशी करतात हे त्याला माहीत नव्हतं. त्याने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "फार चुकलं रे."

"असू द्या. आता काय त्याचं."

असू द्या. तिथे थोरला अडकला. दारातून आत आल्यापासून काहीतरी टोचत होतं ते काय, हे त्याला आता कळलं. बसा. तुम्ही. असू द्या. हा भाऊ त्याला जन्मापासून तू म्हणत आला होता. दादा, तू सरक. दादा, तू गप्प बस. दादा, तुझं घमेलं घे. भांडताना तू, रडताना तू. घरी येणाऱ्या ठेकेदाराला तुम्ही, बाईंना तुम्ही, आणि दादाला तू.

"अरे, मला तुम्ही काय म्हणतोस?"

धाकटा गोंधळला. "म्हणालो का?"

"मघापासून म्हणतोयस."

"लक्षात नाही आलं." तो जरासा हसला, तसंच कसंनुसं, आणि या खेपेस थोरल्याला ते कसंनुसं दिसलं. "इतक्या वर्षांत बोलणंच नाही ना. मनात तुमच्याशी बोलायचो तेव्हाही तुम्हीच म्हणायला लागलो होतो."

"तू म्हण."

"दादा, तू..." धाकट्याने सुरुवात केली आणि तो थांबला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. रागाने थांबला असता तर थोरल्याने काहीही ऐकून घेतलं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परक्या माणसाला एकेरी बोलताना जीभ अडखळते तशी त्याची जीभ अडखळत होती. "तोंडात बसत नाही हो आता," तो म्हणाला, आणि त्यालाही वाईट वाटलं.

मग चहा झाला. गुडघ्यांबद्दल बोलणं झालं, मुलीच्या दुकानाबद्दल झालं. धाकटा चांगलं बोलला, सगळी विचारपूस केली, वहिनींची चौकशी केली. त्याने क्षमा केली होती, कधीच केली होती. पण थोरल्याला क्षमा नको होती. त्याला भाऊ हवा होता.

तो उठला तेव्हा धाकटा दारापर्यंत आला. जिन्यातला दिवा लावला आणि म्हणाला, "सांभाळून जा."

मिस्त्री कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागला. 'जा' हा त्याने कानात धरून ठेवला. तूलाही जा म्हणतात, तुम्हीलाही जा म्हणतात. कदाचित तूमधला असेल. मधल्या वळणावर तो थांबला आणि त्याने वर बघितलं. दार अजून उघडं होतं, धाकटा उभा होता. आता 'पुन्हा ये' म्हणाला असता तर कळलं असतं. 'पुन्हा या' म्हणाला असता तरी कळलं असतं. पण पुन्हा येण्याबद्दल धाकटा काही बोलला नाही.